फेणीची पारख स्वतःच्या नाकाने

काजूचा हंगाम भरात आला की गोमंतकाच्या डोंगरउतारांवर भट्ट्या पेटतात आणि फेणीविषयीची दोन ठरावीक मते पुन्हा कानी पडू लागतात. एकाला तिचा उग्र दर्प सोसवत नाही. दुसरा आपल्या गावच्या फेणीची थोरवी सांगताना थकत नाही. दोन्ही मते पुष्कळदा ऐकीव असतात. स्वतःची आवड घडवायची असेल, तर पेल्यातील पदार्थ कसा तयार होतो, हे आधी समजून घ्यावे लागते.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले. पिकून गळलेले बोंडू वेचतात, बिया वेगळ्या करतात आणि गर तुडवून रस काढतात. हा रस काही दिवस आंबल्यावर भट्टीवर चढतो. पहिल्या ऊर्ध्वपातनातून सौम्य हुर्राक मिळतो, दुसऱ्यातून फेणी. काजू फेणीतील मद्यार्काचे प्रमाण साधारण ४२ ते ४३ टक्के असते. माडाची फेणी फळांपासून नव्हे, तर सुरेपासून होते. त्यामुळे तिचा गंधही निराळा.

पारख करताना पेला थेट नाकाशी नेऊ नये. तीव्र मद्यार्काने नाक बधिर होते आणि पुढचे काहीच कळत नाही. पेला थोडा दूर धरून वास घ्यावा. पिकल्या बोंडवांचा गोडसर गंध येतो की नुसता झोंबणारा दर्प, हे पाहावे. रस भट्टीत करपला असल्यास त्याची करपट छटा लपत नाही. मग अगदी लहान घोट जिभेवर फिरवावा आणि पुढच्या वेळी त्यात थोडे पाणी घालून पाहावे. पाण्याने दबलेले गंध मोकळे होतात. गोड सरबते मिसळली, तर चव सरबताची कळते, फेणीची नव्हे.

तुलनेशिवाय आवड घडत नाही. दोन भट्ट्यांची फेणी, किंवा काजूची आणि माडाची, थोडी थोडी शेजारी ठेवून चाखावी आणि काय जाणवले ते लिहून ठेवावे. पोट रिकामे नसावे, परतताना गाडी चालवू नये. इतके करूनही फेणी आवडली नाही, तर तोही प्रामाणिक निष्कर्षच.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये राज्य सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. मात्र मानांकनाने नाव राखले जाते, चव नव्हे. ग्राहकाला भेसळ आणि अस्सल यांतला फरक कळत नसेल, तर तो स्वस्त तेच उचलतो आणि गळलेलेच बोंडू वेचणाऱ्या, रस निगुतीने आंबवणाऱ्या भट्टीवाल्याच्या कष्टांना मोल उरत नाही. जाणत्या गिऱ्हाइकाच्या जिभेवरच त्याची भट्टी पुढच्या हंगामात पेटणार की नाही, हे ठरत असते.