रँग्लर, रामानुजन आणि गाईडमधलं ‘स्वमत’

आजच्या विषयाची पाटी तुम्ही आत येताना वाचलीच असेल : शाळेने मोठं कशाला मानायचं, परीक्षेला की मुलाच्या आवडीला आणि स्वतंत्र विचाराला? असा प्रश्न जाहीर सभेत विचारला की उत्तर ठरलेलं असतं. हात वर करायला सांगितले, तर बहुतेक हात स्वतंत्र विचाराच्या बाजूने वर जातील. घरी गेल्यावर त्यातलेच बरेचसे हात मुलाच्या चाचणीचा पेपर उघडून गुण मोजतील. याला मी ढोंग म्हणणार नाही. आपल्याला दोन्ही गोष्टी खरोखरच हव्या असतात. म्हणून कुठलीही बाजू घेण्याआधी एका परीक्षेची हकिगत सांगतो. तिच्यात दोन्ही पक्षांचे साक्षीदार भेटतात.

परीक्षेच्या बाजूचा साक्षीदार

‘रँग्लर’ हा शब्द मराठीत चक्क नावाआधी लावायची पदवी झाला. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेला ‘ट्रायपॉस’ म्हणतात. तिच्यात पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर, आणि पहिल्या वर्गातही पहिला येणारा तो सीनियर रँग्लर. पूर्वी निकाल गुणानुक्रमे जाहीर होई : पहिला कोण, दुसरा कोण, थेट शेवटपर्यंत. ऑनर्सच्या यादीतल्या शेवटच्याला तर मुलं समारंभाने एक भलामोठा लाकडी चमचा देत.

१८९९ साली या यादीच्या डोक्यावर दोन नावं बरोबरीने होती. त्यातलं एक रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा मुलगा, महर्षी कर्व्यांचा नात्याने भाऊ, सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेला गेलेला. हिंदी माणसाला गणित-विज्ञान झेपत नाही, असं साहेब उघडपणे म्हणत होता तो हा काळ. त्याला उत्तर म्हणून भाषण करून भागलं नसतं. त्याच्याच घरी, त्याच्याच नियमांनी, त्याच्याच यादीत पहिलं येणं हे उत्तर होतं. पुढे परांजपे पुण्याला परतले आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, हे तुम्हाला माहीत आहेच.

त्याआधी नऊ वर्षं, १८९० साली, फिलिपा फॉसेट नावाच्या मुलीला याच परीक्षेत सीनियर रँग्लरपेक्षा जास्त गुण मिळाले. बायकांची यादी वेगळी असे, त्यामुळे तिच्या नावापुढे ‘सीनियर रँग्लरच्या वर’ एवढंच वाचून दाखवलं गेलं. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं. म्हणजे विद्यापीठ तिला पदवी द्यायला तयार नव्हतं, पण तिचे गुण त्याला लपवता आले नाहीत.

आता बघा, परीक्षा नव्हती तेव्हा काय होतं? ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकऱ्या संचालकांच्या शिफारशीने मिळत. मामा-काका संचालक असला की भाचा-पुतण्या हिंदुस्थानात अंमलदार. १८५५ पासून खुली स्पर्धापरीक्षा सुरू झाली आणि १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर तिच्यातून निवडले जाणारे पहिले भारतीय ठरले. परीक्षा लंडनलाच व्हायची, म्हणजे दार अरुंदच होतं. पण दार होतं.

हे मी का सांगतोय? कारण परीक्षा काढून टाका असं आपण म्हणतो, तेव्हा तिच्या जागी काय येणार हे विचारत नाही. सहसा कुणाचं तरी मत येतं. आणि मत ज्याच्या घरी चार पुस्तकं आहेत, ज्याला चारचौघांत बोलता येतं, ज्याचे वडील मुख्याध्यापकांच्या ओळखीचे आहेत, त्याच्या बाजूला झुकतं. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावीला बसतंय, त्या मुलीच्या हातात बैठक क्रमांकाशिवाय दुसरं काही नसतं.

दुसऱ्या बाजूचा साक्षीदार

आता त्याच केंब्रिजची दुसरी बाजू. श्रीनिवास रामानुजन. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर गेला, गणितात इतका बुडाला की बाकीचे विषय राहिले, शिष्यवृत्ती गेली. मग मद्रासला पुन्हा प्रयत्न, पुन्हा नापास. हिंदुस्थानात असताना पदवी हाताला लागली नाही. अखेर मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी, पगार महिना ३० रुपये.

गंमत अशी, की ज्या पुस्तकाने त्याला गणिताचं वेड लावलं ते कार नावाच्या शिकवणीच्या मास्तरांनी लिहिलेलं होतं, ट्रायपॉसची तयारी करणाऱ्यांसाठी. सुमारे पाच हजार सूत्रं आणि प्रमेयं, सिद्धता जवळजवळ नाहीत. केंब्रिजच्या मुलांसाठी ते उजळणीचं पुस्तक होतं. कुंभकोणमच्या या मुलासाठी प्रत्येक ओळ एक कोडं होती, आणि ती त्याने स्वतःच्या पद्धतीने सोडवायला घेतली.

जानेवारी १९१३ मध्ये त्याने जी. एच. हार्डींना पत्र लिहिलं. त्याआधी केंब्रिजच्याच बेकर आणि हॉब्सन या दोन गणितज्ञांकडून काही निष्पन्न झालं नव्हतं. दोघेही आपापल्या वर्षीचे सीनियर रँग्लर. हार्डी १८९८ च्या यादीत चौथे होते. यावरून ‘पहिल्या नंबरवाल्यांना काही कळत नाही’ असा निष्कर्ष काढू नका, तो चुकीचा ठरेल. कळायला हवं ते एवढंच, की नवा विचार ओळखण्यासाठी एका जाणकार माणसाने वेळ काढून तो वाचावा लागतो. हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवूड यांनी ती पानं बसून वाचली. मग मद्रास विद्यापीठानेही पदवी नसलेल्या या माणसाला महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १९१४ ला तो केंब्रिजला गेला, १९१८ ला रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

हार्डींचा स्वतःचा अनुभवही ऐकण्यासारखा आहे. ट्रायपॉससाठी त्या काळी खासगी शिकवण्या लागत. राउथ नावाच्या एकट्या शिक्षकाच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. आपल्या लातूर पॅटर्नच्या आधीचा हा केंब्रिज पॅटर्न म्हणा! अशाच एका शिकवणीत हार्डी इतके कंटाळले, की गणित सोडून इतिहास घ्यावा असं त्यांच्या मनात आलं होतं. दुसऱ्या एका प्राध्यापकाने त्यांच्या हातात जॉर्डन या फ्रेंच गणितज्ञाचा ग्रंथ ठेवला आणि खरं गणित काय असतं ते त्यांना पहिल्यांदा समजलं. पुढे गुणानुक्रम बंद करण्याच्या चळवळीत ते होते. १९०९ ची यादी क्रमवार लागलेली शेवटची. लाकडी चमचाही त्याच वर्षी संपला.

मग दोन्ही एकत्र नांदतात का?

नांदतात. आपल्याच घरचं उदाहरण आहे. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर १९५९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. परीक्षेतलं यश याहून मोठं नसतं. आणि हाच माणूस फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम करत राहिला, महास्फोटाच्या सर्वमान्य सिद्धांतावर आयुष्यभर शंका घेत राहिला. बहुसंख्य शास्त्रज्ञांना त्यांचं म्हणणं पटलं नाही, तरी ते पुरावा मागत राहिले. तेव्हा परीक्षेत पहिला येणारा पोपटच असतो, हे खोटं. आणि नापास होणारा प्रत्येक जण रामानुजन असतो, हेही तितकंच खोटं.

आता आपल्याकडे

आपण महाराष्ट्रात काय केलं? आवड आणि स्वतंत्र विचार हवा, हे आपण सरकारी पातळीवर कधीच मान्य केलं आहे. आणि मान्य केल्याबरोबर त्याला गुण लावले.

दहावीला भाषेत कृतिपत्रिका आली. हेतू उत्तम. तिच्यात ‘स्वमत’ असा प्रश्न असतो, म्हणजे तुझं स्वतःचं मत लिही. बाजारात जाऊन कुठलंही गाईड उघडा. आत ‘स्वमत’ छापलेलं आहे, उत्तरासकट! हजारो मुलांचं स्वतःचं मत एकच, तेही तेवढ्याच ओळींत.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, लोककला, खेळ यांना दहावीला वाढीव गुण आहेत. ज्यांना खरंच चित्रं काढायची आहेत ती मुलं काढतातच. पण ‘गुण मिळतात म्हणून इंटरमिजिएट दे’ असं सांगणारं घर तुमच्या ओळखीत नाही का?

शिक्षकांचंही तेच. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. आठवीपर्यंत नापास नाही, त्याऐवजी वर्षभराचं सर्वंकष मूल्यमापन, आणि प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद. कल्पना किती सुंदर आहे! मास्तरांनी मुलाकडे बघावं आणि जे दिसलं ते लिहावं. पण पट मोठा, शिवाय निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. मग तयार वर्णनात्मक नोंदींची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीची परीक्षा परत येण्याचा रस्ता मोकळा झाला.

आता अंतर्गत गुण पाहा. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ ला भाषांसारख्या विषयांतले अंतर्गत २० गुण काढले : निकाल ७७.१० टक्के. ओरड झाली, गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. सगळा फरक त्या वीस गुणांचा आहे असं मी म्हणणार नाही. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. पण २०२१ मध्ये लेखी परीक्षा झालीच नाही, आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. शाळेनेच आपल्या मुलांना गुण द्यायचे म्हटल्यावर हात सैल सुटतो. मला त्यात शाळेचा दोष वाटत नाही, तो माणुसकीचाच भाग आहे. पण त्या आकड्याने पुढच्या प्रवेशासाठी मुलांमधला फरक कसा सांगायचा?

मला काय म्हणायचंय

परीक्षेचं काम न्यायाचं आहे. जागा थोड्या आणि मागणारे जास्त असतील तिथे ओळखपाळख न बघता निवड करणं. ते काम तिला करू द्या, फक्त अशी दारं कमी ठेवा आणि दारावरचे प्रश्न दरवर्षी तेच नसू द्या. उत्तर नमुना उत्तरपत्रिकेपेक्षा वेगळं, पण विचार करून लिहिलेलं असेल, तर गुण द्यायची मोकळीक तपासनीसाला हवी.

आवडीला मात्र गुण देऊ नका. तिला दोन गोष्टी द्या : वेळ आणि माणूस. आठवड्यातून एक बिनगुणांचा तास, ज्याची नोंद कुठल्याही प्रगतिपुस्तकात होणार नाही. मुलीने बेडकांबद्दल वाचावं, नाहीतर सायकल खोलून बसावं. आणि तिचं ऐकणारा एक शिक्षक, ज्याच्या डोक्यावर माहिती भरायचा तगादा नाही. रामानुजनला हार्डी मिळाले तेव्हा तो पंचविशीत होता. त्याआधीची कित्येक वर्षं वाया गेली आणि तो बत्तिसाव्या वर्षी गेला. आपल्या तालुक्याच्या शाळेत कुणी केंब्रिजहून येणार नाही, तिथला हार्डी तिथल्याच मास्तरांना व्हावं लागेल. ते होतीलही, त्यांना मोकळं ठेवलं तर.

मघाशी एका ताईंची चिठ्ठी आली आहे. विचारतात, ‘मुलगा नववीत आहे, तबला चांगला वाजवतो, दहावीच्या वर्षी क्लास बंद करावा का?’ ताई, बंद करू नका. आठवड्याचे दोन तास गेल्याने दहावी बुडत नाही. फक्त एक करा, वाढीव गुणांसाठी त्याला परीक्षेला बसायला सांगू नका. त्याला स्वतःहून बसावंसं वाटलं तर बसू दे. घरात एक तरी गोष्ट अशी राहू दे, जिचा निकाल लागत नाही.