बागेत न येणाऱ्यांनाही विचारा

माझ्याकडे नियमित येणारे चौऱ्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आहेत. "रोज अर्धा तास बागेत चाला," असे मी त्यांना दर भेटीत सांगत असे आणि "हो डॉक्टर," म्हणून ते उठत. एकदा त्यांच्या सूनबाई सोबत आल्या. त्या म्हणाल्या, "बाबा वर्षभर बागेत गेलेलेच नाहीत." मी कारण विचारले. बराच वेळ ते गप्प राहिले. मग खाली पाहत म्हणाले, "तिथल्या स्वच्छतागृहाला कुलूप असते. एकदा घरापर्यंत पोहोचता आले नाही. त्यानंतर गेलो नाही."

लघवीचे प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची गोळी मीच त्यांना सकाळी घ्यायला सांगितली होती. चालण्याचा सल्लाही माझाच होता. या दोहोंच्या मध्ये एक बंद दार आहे, हे मात्र मला वर्षभर ठाऊक नव्हते.

त्याच सुमारास पुण्यातील आमच्या भागात बागेच्या सुधारणेसाठी काही उत्साही मंडळींनी सर्वेक्षण केले. सकाळी फाटकाशी उभे राहून त्यांनी प्रश्नावल्या भरून घेतल्या. व्यायामाची साधने हवीत, चालण्याचा मार्ग लांब हवा, अशी उत्तरे आली. ती खरीच होती. पण ती बागेत पोहोचू शकणाऱ्यांची होती. गुडघे, दृष्टी किंवा धीर ज्यांना घरीच थांबवतो, त्यांचे मत कोणी नोंदवले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठांना अनुकूल शहरांविषयी मार्गदर्शिका काढली. त्यासाठी जगभरातील ३३ शहरांत साठीपुढील नागरिकांशी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांशी बोलणे झाले. आपल्या देशातील दिल्ली आणि उदयपूर त्यांत होती. बसायला बाके, वापरण्याजोगी स्वच्छतागृहे, सुरक्षित पदपथ अशा साध्या गोष्टींना त्या मार्गदर्शिकेत मोठे स्थान आहे.

हे लाड नव्हेत. पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत, अशी याच संघटनेची शिफारस आहे. चालणे सुटले की मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल जाऊ लागतो आणि पडण्याच्या भीतीने माणूस आणखी घरात बसतो. या चक्रातून बाहेर येणे कठीण असते.

म्हणून आपल्या भागात असे सर्वेक्षण होणार असेल, तर प्रश्नावली घरोघरी न्यावी आणि पुढील प्रश्न अवश्य विचारावेत:

• आपण बागेत जाणे केव्हा आणि कशामुळे सोडले?
• न थांबता किती चालता येते? तेवढ्या अंतरात पाठ आणि हात टेकता येईल असे बाक आहे का?
• स्वच्छतागृह आपल्या वेळेत उघडे असते का?
• वाटेतला रस्ता ओलांडताना भीती वाटते का?
• फाटकातून चाकांची खुर्ची आत जाते का? उताराची चढण सौम्य, म्हणजे बारा फुटांना एक फुटाहून अधिक नाही ना?
• मोतीबिंदू असलेल्यांना संध्याकाळी पायरी दिसेल एवढा उजेड असतो का?

घरातील मंडळींना एक विनंती आहे. उत्तर लिहून द्या, पण उत्तर त्यांचे असू द्या. प्रश्न एकांतात विचारा. लघवीची किंवा पडण्याची गोष्ट चारचौघांत सांगायला संकोच वाटतो.

मिळालेली उत्तरे क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्यावीत. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली आहे. बाक, दिवे, पदपथ अशी प्रभागातील लहान कामे तिथे सुचवता येतात.

आमच्या गुरुजींची गोळी मी फेरफटक्यानंतर घ्यायला सांगितली. (असा बदल कोणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.) आता ते सूनबाईंसोबत पहिल्या बाकापर्यंत जातात. कुलूप अजून निघालेले नाही. पण त्याविषयीचा अर्ज त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरांत लिहिला आहे, आणि त्याखाली पहिली सही त्यांची आहे.