‘दोष’, ‘दायित्व’ आणि ‘तिसरा पक्ष’ : मोटारविम्याच्या परिभाषेचा अर्थविचार

कायद्याच्या परिभाषेत प्रत्येक शब्दाचे क्षेत्र आखून दिलेले असते. हा शब्द ते कुंपण ओलांडून लोकव्यवहारात आला म्हणजे त्याच्या अर्थात कोणती घट वा वाढ होते, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकास उद्बोधक ठरते. मोटार-अपघातांच्या कायद्यातील ‘नो फॉल्ट’ ही संज्ञा या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. तिचा अर्थ चुकीचा घेतल्यास होणारी हानी केवळ शाब्दिक नसते. ती एखाद्या कुटुंबास सोसावी लागते. या संज्ञेतील विशेषण कोणत्या नामास लागते, तो फरक वाहन चालविणाऱ्याच्या दृष्टीने किती महत्त्वाचा आहे आणि मराठीत तो कोणत्या शब्दाने व्यक्त व्हावा, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. ‘चुकी कुणाची?’

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात हट्टा हे गाव आहे. या परिसरात रस्त्यावर दोन वाहनांची टक्कर झाली की जमलेल्या माणसांचा पहिला प्रश्न ‘चुकी कुणाची?’ हाच असतो. हा प्रश्न केवळ लोकमानसाचा नव्हे; जुन्या कायद्याचाही तोच होता. १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमानुसार मृताच्या वारसांस भरपाई मिळे, ती प्रतिपक्षाचे अनुचित कृत्य, हयगय वा कसूर सिद्ध झाल्यावरच. पोलिसांच्या फिर्यादीत आजही आढळणारी ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने व निष्काळजीपणे, भरधाव वेगाने चालवून’ ही ठरीव वाक्यरचना याच विचारपरंपरेतील आहे. तिच्यात कर्ता आहे, क्रिया आहे, आणि त्या क्रियेला दोषाचे क्रियाविशेषण आवर्जून जोडलेले आहे. ते क्रियाविशेषण गळले की आरोपच उरत नाही.

पण रस्त्यावरील अपघातात दोष सिद्ध करणे अनेकदा दुष्कर असते. साक्षीदार नसतो, असला तरी पुढे येत नाही, आणि जो सांगू शकला असता तोच मृत झालेला असतो. या अडचणीवर उपाय म्हणून १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात १९८२ साली कलम ९२अ घालण्यात आले. मृत्यूबद्दल १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये ही रक्कम, कोणाचाही दोष न दाखविता, वाहनाच्या मालकाकडून मिळावी असे त्याने ठरविले. १९८८ च्या अधिनियमाच्या कलम १४० ने हे आकडे अनुक्रमे २५,००० व १२,००० वर नेले आणि १९९४ च्या दुरुस्तीने ते ५०,००० व २५,००० झाले. २०१९ च्या दुरुस्तीने ही सर्व व्यवस्था मोडून नवे कलम १६४ आणले. ते १ एप्रिल २०२२ पासून अमलात आहे. त्यानुसार मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये देण्याचे दायित्व मालकावर किंवा त्याच्या विमा कंपनीवर येते.

२. विशेषण कोणाचे?

‘नो फॉल्ट’ या शब्दाचा अमेरिकेतील इतिहास निराळा आहे. १९६५ साली रॉबर्ट कीटन व जेफ्री ओकॉनेल या दोन कायदेपंडितांनी ग्रंथरूपाने एक योजना मांडली. प्रत्येक वाहनधारकाला झालेल्या शारीरिक इजेची मूळ भरपाई त्याच्या स्वतःच्याच विमा कंपनीने द्यावी, दोष कोणाचा हे पाहू नये, असे तिचे सार होते. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९७१ पासून या धर्तीचा कायदा लागू झाला आणि पुढे इतर काही राज्यांनी तो स्वीकारला. तेथे ‘नो फॉल्ट’ हे ‘विमा’ या नामाचे विशेषण आहे. चालक जखमी झाला की आपल्याच कंपनीकडे जातो.

भारतीय कायद्यात हेच विशेषण ‘दायित्व’ या नामास लागते. दायित्व म्हटले की दोन व्यक्ती आल्याच : ज्याच्यावर ते आहे तो, आणि ज्याच्याप्रत ते आहे तो. मालक पहिल्या स्थानी आहे. तोच दुसऱ्याही स्थानी बसू शकत नाही, कारण स्वतःचे देणे स्वतःलाच लागणे ही कल्पनाच व्याघाती आहे. म्हणून अमेरिकेतील चालकाचे जे प्रथम संरक्षण, ते भारतातील मालक-चालकाला त्याच नावाच्या तरतुदीतून मुळीच मिळत नाही. शब्द एकच असला तरी त्याचा संबंध बदलला आहे.

‘थर्ड पार्टी’ या शब्दातील संख्यावाचकाचे मर्मही येथेच आहे. विम्याचा करार करणारा मालक हा पहिला पक्ष, कंपनी दुसरा आणि कराराबाहेरील व्यक्ती तिसरा. व्यवहारात ‘थर्ड पार्टी’ म्हणजे ‘स्वस्तातला विमा’ आणि ‘फुल इन्शुरन्स’ म्हणजे ‘सगळ्याचा विमा’ असे अर्थ रूढ झाले आहेत. वस्तुतः ‘फुल’ या शब्दाने जे अधिक मिळते ते प्रामुख्याने वाहनाच्या हानीबद्दल. वाहन चालविणाऱ्या मालकाच्या देहाची तजवीज त्या शब्दात आपोआप येत नाही.

३. तीन उदाहरणे

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून हट्ट्याहून वसमतच्या बाजारात हळद नेणारा एक शेतकरी कल्पावा. टेम्पो त्याचाच आहे आणि तोच तो चालवीत आहे. वाटेत टेम्पोची धडक बसून पादचारी मृत्यू पावला, तर त्या पादचाऱ्याचे वारस कलम १६४ खाली पाच लाख रुपये मागू शकतात. येथे चालकाची हयगय दाखवावी लागत नाही.

आता असे समजू की टेम्पो झाडावर आदळला आणि शेतकरीच मरण पावला. दुसरे वाहन नाही, तिसरा पक्ष नाही. त्याच्या कुटुंबाचा आधार मग एकच : मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१८ मध्ये या विम्याची किमान रक्कम १५ लाख रुपये केली. २०१९ पासून तो वाहनाच्या विम्यापासून वेगळाही घेता येतो. ज्याचा असा विमा आधीच आहे त्याला तो पुन्हा घ्यावा लागत नाही. पण याच सवलतीमुळे, नसतानाही ‘आहे’ असे सांगून हप्ता वाचविण्याचा मोह होतो. शिवाय या विम्याचा लाभ मिळण्यासाठी मालकाजवळ वैध परवाना असावा लागतो.

तिसरे उदाहरण मित्राचे. गाडी मागून नेणे आपल्याकडे नित्याचे आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या कर्नाटकातील एका खटल्यात, मागून आणलेली मोटारसायकल पुढच्या बैलगाडीवर आदळून चालविणारा मृत्यू पावला होता. वाहन मागून नेणारा मालकाच्या जागी उभा राहतो, म्हणून तत्कालीन कलम १६३अ खाली त्याच वाहनाच्या मालकाकडून त्याच्या वारसांना भरपाई मागता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०२० च्या आणखी एका निकालात हेच सूत्र पुन्हा आले : दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली असेल तर मागणी त्या दुसऱ्या वाहनाच्या मालकाकडे व विमा कंपनीकडे करावयाची. हा न्याय कलम १६४ ला लावल्यास मित्राला ‘नो फॉल्ट’चा आधार नाही.

४. ‘वापर’ आणि मौन

दोषाचा प्रश्न वगळला म्हणजे अर्थनिर्णयाचा भार दुसऱ्या शब्दांवर पडतो. त्यांपैकी प्रमुख ‘वापर’ हा होय. अपघात मोटार वाहनाच्या ‘वापरातून उद्भवलेला’ असला पाहिजे. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी सातारा जिल्ह्यात पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर पहाटे तीनच्या सुमारास ट्रकशी टक्कर होऊन रस्त्याबाहेर पडला. पेट्रोल गळू लागले, माणसे जमली आणि सुमारे चार तासांनी स्फोट होऊन काहींचा मृत्यू झाला. उलटून पडलेला टँकर ‘वापरात’ होता काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये होकारार्थी उत्तर दिले. ‘वापर’ म्हणजे केवळ गती नव्हे. आणि ‘उद्भवलेला’ हा शब्द ‘मुळे झालेला’ यापेक्षा व्यापक आहे.

दुसरा प्रश्न मौनाचा. मृताच्या स्वतःच्या चुकीमुळे भरपाई नाकारता वा कमी करता येणार नाही, असे जुन्या कलम १४० मध्ये स्पष्ट लिहिले होते. कलम १६३अ मध्ये ते वाक्य नव्हते. अर्जदाराने दोष ‘मांडण्याची वा सिद्ध करण्याची’ गरज नाही, एवढेच होते. त्यावरून २०११ मध्ये, अर्जदारास सिद्ध करावे लागत नसले तरी कंपनीला बचाव म्हणून दोष दाखविता येईल, असा अर्थ काढला गेला. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो अमान्य केला. आजच्या कलम १६४ ची शब्दरचना १६३अ शी मिळतीजुळती असल्याने हा इतिहास विस्मरणात जाऊ देण्याजोगा नाही.

आणखी एका परंतुकाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. दोष सिद्ध करून कलम १६६ खाली मागितलेली भरपाई मृताचे वय व उत्पन्न यांवर ठरते आणि ती पाच लाखांहून पुष्कळ अधिक असू शकते. परंतु कलम १४९ च्या पद्धतीने कलम १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील तो अर्ज व्यपगत होतो. १४० खालील रक्कम अंतरिम होती, तिने पुढील मार्ग बंद होत नसे. आताची निवड अंतिम स्वरूपाची आहे. सही करण्यापूर्वी कुटुंबास हे कोणीतरी त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे.

५. मराठी पर्याय

‘नो फॉल्ट’साठी ‘निर्दोष’ हा शब्द सहज सुचतो, पण तो दिशाभूल करतो. ‘निर्दोष’ हे व्यक्तीचे विशेषण आहे. ‘निर्दोष सुटला’ या प्रयोगात दोषाची चौकशी होऊन तो नाही असे ठरलेले असते. येथे तर चौकशीच होत नाही. ‘निर्दोष दायित्व’ म्हटल्यास ‘ज्यात खोट नाही असे दायित्व’ असा भलताच अर्थ निघतो. ‘विनादोष’ हा शब्द बरा, तथापि ‘दोष नसताना’ अशी छटा त्यातही राहते. चालक खरोखर दोषी असला तरी हे दायित्व असतेच. माझ्या मते ‘दोषनिरपेक्ष दायित्व’ हा पर्याय अर्थाशी प्रामाणिक आहे. दोष असो वा नसो, त्याची अपेक्षा नाही, हे त्यातून नेमके कळते. आणि ‘दायित्व’ हे नाम कायम राहिल्याने ते कोणाचे व कोणाप्रत, हा प्रश्नही वाचकाच्या मनात उभा राहतो.

‘थर्ड पार्टी’ हा शब्द आता रुळला आहे, तो काढून टाकण्याचे कारण नाही. विमापत्राच्या मराठी मसुद्यात मात्र त्याखाली एक साधे वाक्य असावे : ‘वाहन स्वतः चालविणारा मालक हा तिसरा पक्ष नव्हे; त्याच्यासाठी वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो.’ भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अशा मसुद्यांकडे वळावे, असे सुचवावेसे वाटते. पारिभाषिक शब्दांची चर्चा कोशापुरती न राहता विमापत्राच्या कागदापर्यंत पोहोचली, तरच तिचे प्रयोजन साधले असे म्हणता येईल.