टाकीचा गिझर की बिनटाकीचा

इन्स्टंट गिझर विकणाऱ्या दुकानदाराचं एक वाक्य ठरलेलं असतं: “यात टाकीच नाही, लाइट बिल निम्म्यावर येईल.” ऐकणाऱ्याला ते लगेच पटतं. टाकीभर पाणी तापवून ठेवण्यापेक्षा लागेल तेवढंच तापवलं तर बचत होणार, याला कोण नाही म्हणेल? कोथरूडमधल्या आमच्या जुन्या फ्लॅटमधला 15 लिटरचा गिझर तापताना खदखदायला लागला, तेव्हा मीही तेच ऐकून घरी आले. जुना काढायच्या आधी आमच्या नेहमीच्या वायरमनना बोलावलं. प्लंबिंगही तेच करतात. त्यांनी गिझरकडे बघितलंसुद्धा नाही. “काकू, एक रिकामी बादली द्या,” म्हणाले.

15 लिटरची बादली नळाखाली ठेवून, मोबाइलवर वेळ लावून त्यांनी नळ पूर्ण सोडला. अडीच मिनिटांत बादली भरली, म्हणजे मिनिटाला 6 लिटर. आता एवढं पाणी 3 किलोवॉटच्या कॉइलवरून गेलं, तर ते जेमतेम 7 अंशांनी तापतं. जानेवारीच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 20 अंशांच्या आसपास असेल, तर नळाला 27 अंशांचं येईल. त्या पाण्याने आंघोळ करणाऱ्याला मी नमस्कार करीन. 40 अंश हवे असतील तर धार मिनिटाला दोन लिटरच्या जवळ आणावी लागते. त्यांनी नळ पिळत पिळत तशी धार करून दाखवली. करंगळीएवढी. त्या धारेने बादली भरायला सातेक मिनिटं लागतात.

युरोप-अमेरिकेतले बिनटाकीचे विजेचे गिझर भरधाव शॉवरला पुरतात, कारण त्यांची ताकदच वेगळी असते. जर्मनीत 18, 21, 24 किलोवॉटची यंत्रं थ्री-फेज जोडणीवर सर्रास चालतात. आपल्याकडे भिंतीवर लागतं ते 3 किलोवॉटचं, फार तर साडेचारचं. शिवाय ‘इन्स्टंट’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गिझरांत 3 लिटरची छोटी टाकी असतेच. ते तीन लिटर दोन मिनिटांत 50 अंशांवर जातात. म्हणून पहिले दोन तांबे कढत येतात आणि मग धार हळूहळू निवत जाते.

राहिला प्रश्न बिलाचा. मीटर तळमजल्यावर. वायरमननी वर घरातले बाकीचे सगळे एमसीबी खाली केले आणि एकटा गिझर चालू ठेवला. मी मीटरसमोर उभी. आमच्या मीटरवर एका युनिटला 1600 झबके असं छापलेलं आहे. लाल दिवा मिनिटाला पन्नासेक वेळा लुकलुकत होता, म्हणजे कॉइल 2 किलोवॉटची, आणि ती नीट चालतेय. हिशोब तिथेच जिन्यात झाला. 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला 0.7 युनिट लागतं आणि वीसेक मिनिटं जातात. त्यात तेवढंच गार विसण घातलं की 40 अंशांचं 30 लिटर, म्हणजे दोन बादल्या. (प्रत्यक्षात थोडं कमी, कारण वरचं गरम पाणी बाहेर पडताना खालून गार आत शिरत असतं.) आता हेच 30 लिटर इन्स्टंटमधून काढायचं म्हटलं, तर 3 किलोवॉटवर 14 मिनिटं. वीज? तीच, 0.7 युनिट. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला लागणारी उष्णता कुठल्याही कंपनीला कमी करता येत नाही.

मग बचत कुठे होते? गरम पाणी नुसतं पडून निवतं, तिथे. अमेरिकेतल्या घरांत तळघरात दीडशे-दोनशे लिटरची टाकी रात्रंदिवस तापलेली असते, माणसं घरात असोत वा नसोत. तिथल्या ऊर्जा खात्याच्या मते, दिवसाला 41 गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण 155 लिटर गरम पाणी लागणाऱ्या घरात बिनटाकीचा गिझर टाकीच्या गिझरपेक्षा 24 ते 34 टक्के अधिक कार्यक्षम ठरतो. ते तिथे खरं आहे. आमच्याकडे सकाळी बटण दाबायचं, शेवटची आंघोळ झाली की बंद करायचं, आणि विसरलेल्याला दिवसभर ऐकून घ्यावं लागतं. जी गळती थांबवण्यासाठी बिनटाकीचा गिझर घ्यायचा, ती आमच्या सासूबाईंनी कधीच थांबवली आहे. ज्यांच्याकडे गिझर दिवसभर चालूच राहतो, त्यांनी आधी बटणाकडे बघावं. टाकीच्या गिझरवरचे तारेही मुख्यतः याच पडून निवण्यावर मिळतात. जास्त तारे म्हणजे टाकीभोवतीचं वेष्टण चांगलं.

एवढं झाल्यावर वायरमन स्विचबोर्डकडे वळले. माझ्या मते खरा निर्णय तिथे झाला. बोर्ड उघडला तर 16 अँपिअरच्या सॉकेटचं एक भोक कडेने पिवळं पडलेलं. आतली वायर दीड चौरस मिलिमीटरची, दिव्या-पंख्याच्या लायकीची. 2 किलोवॉटला पावणेनऊ अँपिअर लागतात, 3 किलोवॉटला 13. प्रवाह दीडपट झाला तर वायरमध्ये होणारी उष्णता सव्वादोन पट होते. साडेचार किलोवॉटचा गिझर तर 20 अँपिअरच्या आसपास खेचतो. त्याला 16 अँपिअरचा प्लग चालतच नाही, थेट एमसीबीपासून वेगळी 4 चौरसची लाइन ओढावी लागते. “गिझर तीन हजारांचा आणि वायरिंग त्याच्या वर,” वायरमन म्हणाले. सकाळी दोन्ही न्हाणीघरांत 3 किलोवॉट सुरू झाले तर 26 अँपिअर तिथेच गेले. त्याच वेळी कुणी इस्त्री लावली तर मेन पडणार आणि साबण लावलेला माणूस अंधारात ओरडणार.

गॅस गिझरचा विषय शेजारच्यांनी काढला. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवणारा गॅस गिझर साडेदहा किलोवॉटचं काम करतो. बिनटाकीची खरी चैन ती. पण गॅस जळायला हवा लागते, आणि ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आमच्या न्हाणीघराला एकच झरोका, त्यावरही थंडीसाठी अ‍ॅक्रिलिकची पाटी लावलेली. तिथे तो लावायचा नाही, यावर चर्चासुद्धा नको. हे यंत्र बाहेर, उघड्या ड्राय बाल्कनीतच हवं. तिथेही वरच्या मजल्यावाल्यांची पंचाईत असते. पाण्याचा दाब पुरेसा असेल तरच आतला पडदा सरकून ज्योत पेटते. टाकी नळाच्या दोन-अडीच मीटरच वर असली, तर तो नुसता टकटक करत राहतो.

शेवटी वायरमननी जुनाच गिझर उतरवून उघडला. खदखद कशाची होती ते दिसलं. कॉइलवर पांढऱ्या क्षारांचा जाड थर, तळाशी टरफलांसारखे पापुद्रे, आणि मॅग्नेशियमच्या रॉडची उरलेली फक्त तार. हा रॉड टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजतो, म्हणून टाकी टिकते. सोसायटीत महापालिकेचं पाणी कमी पडलं की बोअरचं मिसळतात, त्याचा हा प्रसाद. इन्स्टंट घेतला असता तर क्षार तिथेही बसलेच असते, आणि जागा अरुंद म्हणून लवकर त्रास दिला असता.

ठरलं ते असं. न्हाणीघरात टाकीच राहील: कॉइल साफ, रॉड नवा, सॉकेट आणि वायर दोन्ही बदलायची. 3 लिटरचा इन्स्टंट स्वयंपाकघरातल्या सिंकवर. तेलकट कढईला तांब्या-दोन तांबे कढत पाणी लागतं, त्यासाठी 15 लिटर तापवणं हा मात्र खराच उधळेपणा होता. त्याची लाइन वेगळी ओढली जाईल. मुलाच्या न्हाणीघराचं अजून भिजत घोंगडं आहे. तो शॉवरखाली दहा मिनिटं उभा राहतो, मिनिटाला 8 लिटरने 80 लिटर. त्याला 25 लिटरची टाकीही सहा मिनिटंच पुरेल. वायरमनचं म्हणणं, शॉवरची जाळी बदलून कमी पाण्याची लावा. मुलाचं म्हणणं, 35 लिटरची टाकी घ्या.