सागरी सुरक्षेची शेवटची आठ मीटर

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मासेमारी नौकांसाठीच्या उपग्रह-संपर्क यंत्रणेच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपॉन्डर बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. संकटात सापडलेल्या तांडेलाचा संदेश उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पोहोचावा, हा त्यामागील हेतू. मात्र उपग्रह कितीही समर्थ असला, तरी नौकेच्या छतावरील उपकरणापासून केबिनमधील बॅटरीपर्यंतचे सात-आठ मीटरचे अंतर साध्या तारेलाच तोडावे लागते. समुद्रावरील उपकरणांना दगा देण्यात या तारेचा आणि तिच्या सांध्यांचा वाटा मोठा असतो.

छतच का?

उपग्रहाशी बोलणाऱ्या उपकरणाला मोकळे आकाश लागते, तर वायरलेसच्या अँटेनाला उंची. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे पृथ्वीची वक्रता आड येते. दोन नौकांचे अँटेना पाण्यापासून प्रत्येकी ४ मीटर उंचीवर असतील, तर त्यांच्यातील संपर्काची मर्यादा साधारण १६ किलोमीटर असते. तेच ९ मीटरवर नेले, तर ती २४ किलोमीटरच्या घरात जाते. म्हणूनच केबिनच्या छतावर पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट उभारून त्यावर अँटेना, जीपीएस, ट्रान्सपॉन्डर व दिवे बसवतात. त्यांच्या तारा या पोकळ नळ्यांमधूनच खाली आणणे सोयीचे ठरते.

पाण्याची वाट

तार जेथे नळीत शिरते, तेथूनच पाणीही शिरू पाहते. यासाठी छिद्र वरच्या बाजूस न पाडता खालच्या किंवा आतल्या बाजूस पाडावे. आत शिरण्यापूर्वी तारेला छिद्राच्या पातळीखाली एक सैल वळसा द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी त्या वळशाच्या तळाशी ठिबकून जाते. छिद्राच्या कडेला रबरी कडे बसवणे अत्यावश्यक आहे. डिझेल इंजिनाच्या अखंड थरथरीने धातूची उघडी कड काही महिन्यांत तारेचे आवरण कापू शकते. नळीच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोक ठेवावे. तारा ओढून घेताना सोबत एक रिकामी दोरी आत सोडून द्यावी. पुढे नवे उपकरण आल्यास सारी चौकट उचकटावी लागत नाही.

तांब्यालाही कल्हई

खाऱ्या हवेत उघडे तांबे लवकर काळवंडते, हिरवट पडते. पाणी तर तारेच्या बारीक पेडांमधून वातीत तेल चढावे तसे आत सरकते. घरातील तांब्या-पितळेची भांडी कळकू नयेत म्हणून त्यांना कल्हई करतात. त्याच न्यायाने नौकेसाठी कथिलाचा मुलामा दिलेली, अनेक पेडांची तार वापरावी. नळीच्या आत सांधा कधीही ठेवू नये. तो दिसत नाही, म्हणून तपासलाही जात नाही.

ऐकू येते, पण बोलता येत नाही

सर्वांत फसवा दोष विद्युतदाबाचा. २५ वॅटचा वायरलेस संच नुसता ऐकताना अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. बोलण्याचे बटण दाबताच तो पाच-सहा अँपिअर मागतो. संच बॅटरीपासून ८ मीटरवर असेल, तर जाणे-येणे मिळून तार १६ मीटर होते. ती २.५ चौरस मिलिमीटरची असल्यास १२ व्होल्टपैकी सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच नष्ट होतात. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट ०.३ व्होल्टवर येते. त्यात एखादा गंजलेला सांधा असला, तर रोज व्यवस्थित ऐकू येणारा संच नेमक्या आणीबाणीत, चॅनेल १६ वर हाक देताना बंद पडू शकतो. म्हणून तपासणी करताना केवळ दिवा लागतो का, हे पाहून थांबू नये. बटण दाबलेले असताना संचाजवळचा व्होल्टेज मोजावा.

आणखी काही पथ्ये आहेत. प्रत्येक वीजतारेला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. होकायंत्राजवळून जाणाऱ्या धन व ऋण तारा एकमेकींना पिळून न्याव्यात, अन्यथा त्यांच्या चुंबकीय क्षेत्राने सुई ढळते. अँटेनाची केबल काटकोनात मुडपू नये. आतील तार सरकली की लहरींची शक्ती वाया जाते.

पावसाळ्यातील मासेमारीबंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. जाळी विणली जातात, तळाला रंग लागतो. त्याच दिवसांत छतावरील तारांकडे एक तास दिला, तर लाटांमध्ये सापडलेल्या खलाशाची हाक किनाऱ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता निश्चितच वाढेल.