विमानाचे तास आणि घरचे तास

लंडन आतां नऊ तासांवर आलें, असें आमच्या जोगेश्वरीच्या घरांत नेहमीं म्हटलें जाई. येथून जवळच जुहूस १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीचें टपाल घेऊन एकटेच उतरले होते. ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून लंडनला निघालेलें एअर इंडिया इंटरनॅशनलचें पहिलें विमान कैरो व जिनीव्हा येथें थांबत गेलें. आज सुमारें ७,२०० किलोमीटरांचा तोच पल्ला विमान कोठेंही न थांबतां गांठतें. उंचावरील पश्चिमेचा वारा येतांना पाठीशीं असतो, म्हणून परतीस वेळ थोडा कमीच लागतो.

गतवर्षीं आमचे वडील बंधु निवर्तले तेव्हां मात्र हा हिशेब फसला. लंडनच्या पुतण्यास तिकीट मिळेपर्यंत रात्र सरली. उड्डाणापूर्वीं तीन तास विमानतळावर गेले. सहारास तपासणी, सामान आणि रस्त्यावरील गर्दी यांत आणखी दोन. तो उंबरठ्याशीं आला तेव्हां आम्ही अग्निसंस्कार उरकून परतलों होतों.

वाचकांस विनंती एवढीच, कीं अंतर दारापासून दारापर्यंतचें मोजावें, आणि दूरच्या मुलास बोलावणें दुखणें वाढतांच धाडावें.