तळघरातल्या पाण्याला वाट द्या

अमेरिकेच्या ईशान्य भागात घर म्हटलं की तळघर आलंच. न्यू जर्सीसारख्या राज्यात कडक थंडीत जमीन अडीच-तीन फुटांपर्यंत गोठू शकते आणि गोठताना फुगते, म्हणून पाया त्याहून खोल न्यावा लागतो. एवढं खणल्यावर खाली खोली निघतेच. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ती खोली ओळखीची आहे, आणि बर्फ वितळला की तिच्यात येणारं पाणीही.

हे पाणी येतं दाबाने. भूजल कोब्याच्या वर १ मीटर चढलं, तर तिथे दर चौरस मीटरला सुमारे १ टन भार पडतो. भिंत आणि कोबा वेगवेगळ्या वेळी ओतलेले असतात. त्यांच्यामधला सांधा हा सगळ्यात कच्चा दुवा. पाणी तिथूनच आत शिरतं. भिंतीतून पाझरणारं पाणी वाळतं, पण त्यातले क्षार मागे राहतात. नखाने खरवडलं की निघणारी पांढरी भुकटी ती हीच. अशा भिंतीला आतून कितीही वॉटरप्रूफ रंग लावा, मागचा दाब त्याला फुगे आणून पोपडे पाडतो.

म्हणून आतल्या निचऱ्याची पद्धत पाण्याला अडवत नाही, वाट देते. घाटातल्या संरक्षक भिंतींना ओळीने भोकं ठेवतात, त्यामागचं शास्त्र हेच. भिंतीलगत कोब्याची फूटभर पट्टी कापून पायाशेजारी चर खणतात. त्यात खडी आणि ४ इंची सच्छिद्र पाइप घालतात. पाइपची भोकं खाली ठेवतात, म्हणजे पाणी खालून चढताच पाइपमध्ये शिरतं आणि पातळी कोब्यापर्यंत पोचत नाही. वर पुन्हा खडी आणि काँक्रीट. खडीच्या चरांनी जमिनीतलं पाणी काढण्याचं हे तंत्र मुळात शेतीतलं. अमेरिकन वकील हेन्री फ्रेंच यांनी १८५९ मध्ये शेतातल्या निचऱ्यावरच्या पुस्तकातून ते लोकांपुढे मांडलं.

पाइपमधलं पाणी कोपऱ्यातल्या खड्ड्यात जमतं. पातळी वाढली की तरंगता स्विच पंप सुरू करतो. बाहेर जाणाऱ्या नळीत एकतर्फी झडप लागते, नाहीतर तेच पाणी परत येतं. बॅटरीवरचा दुसरा पंपही हवाच, कारण वीज जाते ती नेमकी वादळातच. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयडा’ वादळाने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तासाभरात ८० मिलिमीटर पाऊस पाडला आणि शहरातल्या तळघरांत माणसं बुडून मेली. असा लोंढा रस्त्यावरून आत घुसतो. त्याच्यापुढे हा निचरा पुरत नाही. अशा वेळी तळघर सोडून वर यावं.

कोबा फोडण्याआधी छपराकडे पाहा. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे २,५०० लिटर पाणी. तुंबलेली पन्हळ ते सगळं पायाशीच ओतते. पन्हळ साफ करा, तिचं पाणी भिंतीपासून लांब सोडा, अंगणाला बाहेरच्या बाजूला उतार द्या. तरीही पाणी आलं, तरच आत चर खणा. आणि भिंत आत झुकत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. ते काम निचऱ्याने होणारं नाही.